तीन वाघ नेमके कुणाला वाटले? एका अर्जातल्या अनेकवचनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं, कालव्याच्या काठचं. गावाचं नाव, वर्ष आणि माणसांची ओळख देत नाही. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून एक-दोन बारीक तपशीलही बदलले आहेत. माझं शिक्षण भाषाशास्त्रातलं. सुट्टीत गावी गेले की ग्रामपंचायतीचे अर्ज, ठराव लिहून द्यायला मला बोलावतात, म्हणून हे प्रकरण माझ्या हातून घडलं.

या भागात बिबट्याला सरसकट ‘वाघ’ म्हणतात. ‘बिबट्या’ हा शब्द वर्तमानपत्रात आणि सरकारी कागदावर. उभ्या उसात त्याला आडोसा मिळतो, मादी तिथेच पिल्लं घालते आणि भक्ष्य म्हणून कुत्री, शेळ्या हाताशी असतात. तोडणी सुरू झाली की एकेक फड मोकळा होत जातो आणि वाघ उरलेल्या उसाकडे सरकतो. तेव्हा तो जास्त दिसतो. दिसणं वाढलं म्हणजे संख्या वाढली असं नाही. पण ज्याच्या गोठ्यात शेळी उरलेली नाही त्याला हे कोण सांगणार?

तोडणीच्या ऐन दिवसांत, नऊ दिवसांच्या आत, तीन गोष्टी झाल्या.

पहिली एका आजींच्या गोठ्यात. पहाटे गलबला ऐकून त्या दार उघडून बाहेर आल्या, तेव्हा बल्बच्या उजेडात जनावर शेळी तोंडात धरून कुडावरून गेलं. आजींच्या सांगण्यानुसार थोराड, मानेला जाड आणि शेपटी चांगली लांब.

दुसरी कालव्याच्या रस्त्यावर. संध्याकाळी डेअरीत दूध घालून परतणाऱ्या एका तरुणाच्या गाडीच्या उजेडात वाघ आडवा गेला. हा अंगानं सडपातळ होता. आजींची हकिगत तरुणाला माहीत होती, त्यामुळे त्यानं लगेच मनाशी ठरवलं की हा तो नाही, ही मादी आहे.

तिसरी लांबच्या वस्तीवर. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे एक शेतकरी मध्यरात्री उसाला दारं धरत, म्हणजे पाणी देत होता. बॅटरीच्या झोतात त्याला बांधावर बसलेला वाघ दिसला. शेपटीचं टोक तुटलेलं होतं, असं तो आजही छातीठोकपणे सांगतो. तरुणाचं पाहणं त्याच्या कानावर गेलेलं नव्हतं. आजींची शेळी गेली हे मात्र त्यानं ऐकलं होतं, आणि हाच तो शेळी नेणारा असं त्यानं धरलं.

आता प्रत्येकाच्या डोक्यातली संख्या पाहा. आजींच्या लेखी वाघ एक. शेतकऱ्याच्या लेखीही एक. तरुणाच्या लेखी दोन. तीन कुणाच्याच डोक्यात नव्हते.

अर्ज कसा लिहिला गेला

ग्रामसभेत हे तिघंही होते, पण बोलले वेगवेगळ्या वेळी, आणि मध्ये गलका. शेवटी कुणीतरी बोटांवर मोजत म्हणालं, “एक आजींचा, एक कालव्यावरचा, एक वस्तीवरचा. झाले तीन.” माना हलल्या. सरपंच म्हणाले, तीन पिंजरे मागा. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, कागद माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं: “गावात तीन बिबटे आहेत असे ग्रामस्थांचे ठाम मत आहे.”

मला त्यात काही खटकलं नाही. वाक्य सभेत झालेल्या बोलण्याला धरून होतं आणि अर्जाच्या भाषेत शोभत होतं. खाली बेचाळीस सह्या आणि अंगठे झाले. पाहणाऱ्या तिघांचेही त्यात होते.

अडचण

आठवड्यानं वनरक्षक चौकशीला आले. माणूस कामाला चोख. त्यांनी सभा बोलावली नाही. तिघांच्या घरी जाऊन प्रत्येकाला एकट्याला विचारलं, “गावात तीन बिबटे आहेत असं तुम्हाला वाटतं का?”

आजी म्हणाल्या, “मी एकच बघितला, साहेब.” शेतकरी म्हणाला, “एकच आहे, तुटक्या शेपटीचा.” तरुण म्हणाला, “दोन तर आहेतच.” अहवालात ओळ आली की तीन बिबट्यांच्या कथनाला अर्जदारांपैकी कुणीही दुजोरा देत नाही.

ती ओळ शब्दशः खरी होती. गावात मात्र ती ‘आपल्याला खोटं पाडलं’ अशी पोचली. तरुणानं पुन्हा जबाब द्यायला नकार दिला. आजींना वाटलं, त्यांच्या बोलण्यामुळेच अर्ज पडला. सगळ्यात वाईट म्हणजे कालव्याच्या रस्त्यानं शाळेत जाणारी मुलं, रात्रीचं पाणी, उघडे गोठे हे सगळं बाजूला राहिलं आणि वाद ‘खरं कोण बोलतंय’ यावर गेला.

मी अहवाल आणि अर्ज शेजारी ठेवून वाचले. दोन्हीकडे खोटं कुणी बोललेलं नव्हतं. भांडण एका अनेकवचनाच्या अर्थावर होतं, आणि ते अनेकवचन मी लिहिलं होतं.

वाक्यात काय बिघडलं

या भागावर मी जास्त वेळ घेते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरून निघाले.

साधं वाक्य घेऊ: ‘तिघांनी तीन वाघ पाहिले.’ याचे निदान दोन अर्थ होतात. प्रत्येकानं तीन पाहिले, हा एक. तिघांचे मिळून तीन भरतात, हा दुसरा. दुसऱ्या अर्थासाठी कुणीही एकट्यानं तीन पाहायला नकोत. अर्थशास्त्रात, म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्रात, या मिळून भरणाऱ्या अर्थाकडे रेम्को स्खा या डच अभ्यासकानं १९८१ मध्ये नेमकं बोट ठेवलं. त्याचं उदाहरण ६०० डच कंपन्या ५००० अमेरिकी संगणक वापरतात असं होतं. कोणत्या कंपनीकडे किती, हे ते वाक्य सांगत नाही. सगळ्यांची गोळाबेरीज सांगतं. आपण रोज असं बोलतो. ‘दोन्ही सुनांनी चाळीस भाकरी केल्या’ म्हटल्यावर ऐंशी कुणी धरत नाही.

आता तेच ‘वाटतं’च्या पोटात घाला: ‘तिघांना वाटतं की गावात तीन वाघ आहेत.’ इथे मराठी कान पहिल्या अर्थाकडे झुकतो: प्रत्येकाला तीन वाटतात. मिळून भरणारा अर्थ बंद होत नाही, पण त्याला आधार लागतो. व्हिओला श्मिट या अभ्यासकांनी अलीकडे अशाच वाक्यांवर काम केलं आहे. दोघींपैकी एकीला वाड्यात एक राक्षस आहे असं वाटतं, दुसरीला दुसराच, आणि एकीच्या मनातलं दुसरीला ठाऊक नाही. तरी योग्य प्रसंगी ‘दोघींना दोन राक्षस आहेत असं वाटतं’ हे म्हणता येतं, असं त्यांचं निरीक्षण आहे. म्हणजे ‘दोन’ हा आकडा समजुतीच्या आत लिहिलेला असूनही कुणा एकीच्या समजुतीत नसू शकतो.

सभेत आमचा अर्थ हाच होता. वनरक्षकांनी घेतला तो पहिला. दोन्ही व्याकरणात बसतात.

मराठी इथे आणखी तीन ठिकाणी आड आली.

एक, ‘वाटतं’ हे क्रियापद ज्याला वाटतं त्या माणसाशी जुळत नाही. ‘आजींना वाटतं’, ‘तिघांना वाटतं’, ‘गावाला वाटतं’, सगळीकडे तेच ‘वाटतं’. माणूस चतुर्थी विभक्तीत जातो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थिजतं. वाटणं एकदा झालं की तीनदा, याची खूण कुठेच राहत नाही.

दोन, ‘मत’. मी ‘ग्रामस्थांचे मत’ असं एकवचन लिहिलं. ‘ग्रामस्थांची मतं’ लिहिलं असतं तर निदान शंका आली असती की मतं वेगवेगळी असावीत. एकवचनी ‘मत’ सगळ्यांना एका डोक्यात बसवतं. वर मी ‘ठाम’ जोडलं. ठाम एकेक जण होता, आपापल्या वाघाबद्दल. बेरजेबद्दल कुणीच ठाम नव्हतं.

तीन, ‘वाघ’ हा शब्द. ‘वाघ’ एकवचनातही वाघ, अनेकवचनातही वाघ. ‘उसात वाघ हाय’ आणि ‘उसात वाघ हायेत’ यांतला फरक फक्त क्रियापदावर, आणि घाईच्या बोलण्यात तोही कानातून निसटतो. कागदावर ‘बिबट्या’ आला की ‘बिबट्या’ की ‘बिबटे’ हे ठरवावंच लागतं. बोलीत जे मोकळं होतं ते लिहिताना मी बंद केलं.

पण याहून खोल गोष्ट मला दोन दिवसांनी कळली. ‘तिघांनी तीन वाघ पाहिले’ म्हणताना वाघ तीन वेगवेगळे आहेत, ही गोष्ट उसात ठरलेली असते. वाघ असतात, मोजता येतात. समजुतीच्या वाक्यात हा आधार नसतो. आजींचा वाघ आणि शेतकऱ्याचा वाघ वेगळे, हे कुणाला वाटत होतं? आजींना शेतकऱ्याचा वाघ ठाऊकच नव्हता. शेतकऱ्याला तर उलट वाटत होतं की दोघांचा वाघ एकच. वेगळेपण त्या बोटांवर मोजणाऱ्यानं घातलं आणि मी शाई दिली. श्मिटबाईंच्या उदाहरणात बेरीज सरळ होते, कारण एकीची समजूत दुसरीच्या समजुतीला छेद देत नाही. आमच्याकडे शेतकऱ्याची समजूत बेरजेच्या आड येत होती. म्हणून मिळून भरणाऱ्या अर्थानंही माझं वाक्य नीट उभं राहत नव्हतं. हे मान्य करायला मला वेळ लागला. तोवर मी मनातल्या मनात सगळा दोष वनरक्षकांच्या प्रश्नावर टाकत होते.

एकपणाचाही तोच गुंता. १९६७ मध्ये पीटर गीच या तत्त्वज्ञानं एक उदाहरण मांडलं होतं. हॉबला वाटतं की एका चेटकिणीनं कुणाच्या घोडीला पछाडलं, आणि नॉबच्या मनात येतं की तिनंच कुणाची डुकरीण मारली असेल का. चेटकीण कुठेच नाही, तरी ‘तिनंच’ला अर्थ आहे. ‘आजींना वाटतं एका वाघानं शेळी नेली, आणि शेतकऱ्याला वाटतं तोच बांधावर बसला होता’ या वाक्यातला ‘तोच’ असाच आहे. शेळी उद्या कुत्र्यांनी नेल्याचं निघालं तरी शेतकऱ्याला काय वाटत होतं ते बदलत नाही. एक की वेगळे, हे आधी त्यांच्या मनात ठरतं. उसात काय आहे ते नंतर.

कोणते पर्याय होते

सरपंचांचं म्हणणं, अर्जावर ठाम राहा, माघार घेतली तर पुढच्या वेळी कुणी विचारणार नाही. हे भावनेच्या अंगानं समजण्यासारखं होतं. पण त्यासाठी तिघांपैकी कुणाला तरी ‘मला तीन वाटतात’ असं म्हणावं लागलं असतं, म्हणजे आता खरोखर खोटं बोलावं लागलं असतं. मी नाही म्हटलं.

भाऊसाहेबांनी सुचवलं, “‘किमान एक बिबट्या’ लिहा.” हे तिघांच्याही मताला धरून होतं आणि कुणी खोडू शकलं नसतं. पण यात तरुणाचं दोन मानणं गळून पडत होतं, आणि रस्त्याचा धोका त्याच्याच पाहण्यावर उभा होता. सगळ्यांचं मिळून लिहायचं म्हणून सगळ्यांत कमी सांगणाऱ्यापाशी थांबायचं, हा समूहाच्या समजुती लिहिण्याचा सोपा मार्ग आहे. नेमकी अशा वेळी तो महत्त्वाचं गाळतो.

माझा स्वतःचा पहिला विचार ‘मिळून’ घालण्याचा होता: ‘तिघांनी मिळून तीन बिबटे सांगितले.’ एका शब्दात काम होईल असं वाटलं. लिहून पाहिलं तर उलटंच झालं. ‘मिळून’ वाचल्यावर तिघं एकत्र येऊन एक गोष्ट सांगतात असा वास येतो, संगनमताचाही. ‘एकेक’ जास्त चांगला शब्द: ‘तिघांनी एकेक बिबट्या पाहिला.’ एकेक म्हटलं की वाटणी उघड होते आणि बेरीज न करता सोडून देता येते. एकेकाचा तो एकच होता की वेगळा, हे वाक्य बोलत नाही. आम्हाला ते न बोलणारंच वाक्य हवं होतं.

उरला शेवटचा मार्ग, गावाचं म्हणून एक वाक्य लिहायचंच नाही. प्रत्येकाचं वेगळं लिहायचं.

काय केलं

आधी आजींकडे गेले, कारण त्यांना वाईट वाटलं होतं. “आजी, तुमचं काही चुकलं नाही. मी लिहिताना सगळ्यांचं एकात घातलं.” त्या म्हणाल्या, “अगं, मी कुठं तीन म्हणले? सही कर म्हणाले, मी अंगठा दिला.” अर्ज त्यांना वाचून दाखवलेला नव्हता. ही चूक भाषेची नव्हती, साध्या रीतीची होती.

मग तिघांचे जबाब वेगवेगळे लिहून घेतले. प्रत्येकाला चार गोष्टी विचारल्या. काय पाहिलं, कुठे, केव्हा. त्या जनावराची खूण कोणती. दुसऱ्या कुणाच्या पाहण्याबद्दल काय ऐकलं आहे. आणि शेवटी, तुम्ही पाहिलेला आणि ऐकलेला, एकच वाटतो की वेगळा, आणि कशावरून.

शेवटचा प्रश्न ग्रामसभेत कुणी कुणाला विचारलाच नव्हता. तो विचारताच बरंच निघालं. तरुणाला मी वस्तीवरचा तुटक्या शेपटीचा सांगितला, तर तो गप्प झाला. “मग ताई, मी पाहिली तिची शेपटी पुरती होती. म्हणजे तीनही असतील.” आजींना तेच सांगितल्यावर त्या ठाम: “माझ्याला शेपूट होती, हा दुसराच.” शेतकरी मात्र हलला नाही. अंधारात आजींना शेपटी काय दिसली असणार, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे मी विचारल्यानं समजुती बदलत होत्या. त्यामुळे प्रत्येक जबाबात मी आधीचं मत आणि ऐकल्यानंतरचं मत वेगळं नोंदवलं, तारीख घालून. नाहीतर तरुणाच्या तोंडी आलेला ‘तीन’ जुन्या अर्जाला पुरावा म्हणून जोडला गेला असता, आणि सरपंचांचा तसा आग्रह झालाही.

नव्या अर्जात गावाच्या नावानं एकच वाक्य ठेवलं: “तीन ग्रामस्थांनी वेगवेगळ्या दिवशी एकेक बिबट्या पाहिला, तो एकच होता की वेगवेगळे, याबाबत त्यांची मते भिन्न आहेत, जबाब सोबत जोडले आहेत.” पिंजऱ्यांची मागणी काढली. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती माणसाच्या जिवाला धोका असल्यासारख्या कारणांवरच मिळते. दिसला म्हणून पिंजरा, असं होत नाही. त्याऐवजी कॅमेरे, रस्त्यावर दिवे आणि आजींच्या शेळीचा पंचनामा मागितला. अर्ज सभेत दोनदा मोठ्यानं वाचला, मगच सह्या.

निष्पत्ती

वनरक्षक पुन्हा आले, या वेळी जबाब हातात घेऊन. त्यांनी कॅमेरे कालव्याच्या रस्त्यावर आणि वस्तीच्या बांधावर लावले. जबाब वेगळे नसते तर कुठे लावायचे हेच ठरलं नसतं, असं ते स्वतः म्हणाले.

बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून ओळख पटते. पण एकाच बिबट्याची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. कालव्यावर एका जनावराची उजवी बाजू मिळाली, बांधावर एकाची डावी. ही दोन चित्रं एका बिबट्याची की दोघांची, हे सांगता येत नव्हतं. माझ्या अर्जातला प्रश्न जसाच्या तसा कॅमेऱ्यातही होता: नोंदी दोन, आणि एकपणाबद्दल काहीच नाही. चौथ्या रात्री बांधावरचं जनावर वळलं आणि त्याच्या दोन्ही बाजू आल्या. उजवी बाजू कालव्यावरच्या चित्राशी जुळली नाही. तेव्हा निदान दोन, असं नक्की झालं. बांधावरच्याच्या शेपटीला टोक नव्हतं.

आजींचा थोराड नर कॅमेऱ्यात आला नाही. तो बांधावरचाच होता की तिसरा, हे उघडंच राहिलं. पंचनामा झाला आणि शेळीची भरपाई मिळाली. रस्त्याला दोन दिवे लागले. शाळेची मुलं महिनाभर मोठ्या माणसांसोबत जात होती. तरुणानं नवा जबाब दिला, पण पहिल्या अहवालाचा राग त्याच्या मनातून गेला आहे असं मला वाटत नाही.

आता वेगळं काय करेन

पहिला निर्णय सभेतच होता, बोटांवर मोजलं गेलं तेव्हा. त्या वेळी मी ‘कुणाला वाटतं तीन आहेत?’ एवढं विचारलं असतं तर एकही हात वर झाला नसता आणि अर्ज तिथेच सुधारला असता. ‘किती आहेत’ हा प्रश्न सगळ्यांना एकदम विचारला की उत्तर सभेचं येतं. माणसाचं येत नाही.

दुसरा, वनरक्षकांच्या पहिल्या भेटीचा. त्यांचा प्रश्न माझ्या वाक्यातून सरळ निघाला होता. मी त्यांना आधी भेटून, वाक्यातला आकडा बेरजेचा आहे आणि बेरीज सभेनं केली आहे, असं सांगू शकले असते. कागद गेला म्हणजे काम झालं, असं मी धरलं.

तिसऱ्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. जबाब घेताना मी एकाचं दुसऱ्याला सांगितलं. त्यामुळे खुणा पडताळल्या गेल्या, पण स्वतंत्र समजुती गढूळही झाल्या. दोन फेऱ्या घ्यायला हव्या होत्या: पहिल्या फेरीत कुणालाच काही सांगायचं नाही, दुसरी दोन दिवसांनी. मी दोन्ही एका बैठकीत उरकल्या.

कार्यालयाच्या छापील नमुन्यात ‘बिबट्यांची संख्या’ असा एकच चौकोन आहे, आणि ही संख्या कुणाच्या मते हे लिहायला जागा नाही. भाऊसाहेबांनी विचारलं, इथे काय घालू? मी म्हटलं, आकडा घालू नका. त्यांनी लिहिलं, “जबाब १ ते ३ पाहावेत.”